विश्लेषण : इमारत अतिधोकादायक, तरी घर का सुटत नाही?

उन्हाळा संपत आला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. प्रवेशद्वारावर फलक लागतो, नोटिसा बजावल्या जातात, कधी पाणी आणि वीज तोडण्याचा इशारा दिला जातो. रहिवासी मात्र बहुतेक ठिकाणी तिथेच राहतात. पावसाळा निभावला की विषय मागे पडतो. नाही निभावला, तर ढिगाऱ्याशेजारी ‘नोटीस दिली होती’ हे वाक्य ऐकू येते. जीव धोक्यात असताना माणसे घर का सोडत नाहीत? हा केवळ हट्ट आहे, की बदलाला सामोरे जाताना प्रत्येकाचेच असे होते? आणि यातून मार्ग कसा काढायचा?

धोका खरोखर किती मोठा?

गेल्या काही वर्षांतील दुर्घटनांवर नजर टाकली तरी त्याचे उत्तर मिळते. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीत तीन मजली इमारत कोसळून नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आठवडाभरातच, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यात नौपाड्यातील बी केबिन भागात कृष्ण निवास ही जुनी इमारत पडली आणि १२ जणांनी जीव गमावला. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे शेजारच्या भिवंडीत जिलानी इमारतीच्या दुर्घटनेत ३८ जण दगावले. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डोंबिवली पूर्वेतील आयरे गावात आदिनारायण ही इमारत कोसळून दोघांचा मृत्यू झाला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तश्रृंगी इमारतीच्या वरच्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला. तो खालच्या मजल्यांवर आला आणि सहा जणांचा बळी गेला.

यातील प्रत्येक दुर्घटनेचे तांत्रिक कारण वेगळे असेल. पण एक गोष्ट समान दिसते. इमारत एका रात्रीत म्हातारी होत नाही. आधी भिंतीला ओल येते, मग प्लास्टर सुटते, मग स्लॅबमधल्या गंजलेल्या सळ्या दिसू लागतात, दरवाजे चौकटीत अडकू लागतात. ही लक्षणे घरातल्या माणसांना सगळ्यात आधी दिसतात. तरीही ती तिथेच राहतात.

‘सी-१’ म्हणजे नेमके काय?

राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१५ च्या परिपत्रकानुसार धोकादायक इमारतींची चार गटांत विभागणी केली जाते. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी इमारत. ‘सी-२ अ’ म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करावी लागेल अशी. ‘सी-२ ब’ म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करता येईल अशी. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची गरज असलेली.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक बांधकामाबाबत नोटीस दिली जाते. कलम २६८ नुसार इमारत रिकामी करून घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी कलम २६५-अ नुसार मालकावर किंवा सोसायटीवर असते. वय हा मात्र एकमेव निकष नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये कोसळलेल्या बेकायदा इमारतीचे बांधकाम तेव्हा सुरूच होते. त्या दुर्घटनेत ७४ जणांचा मृत्यू झाला.

म्हणजे कायदा आहे, वर्गवारी आहे, अधिकारही आहेत. नोटीस माणसाला धोका किती आहे ते सांगते. पुढे जायचे कुठे, हे मात्र ती सांगत नाही. सारा गुंता इथून सुरू होतो.

मन बदलाला का अडते?

मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही शाखांनी या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त असे सांगतो, की जेवढ्या लाभाने माणसाला आनंद होतो, त्याहून तेवढ्याच तोट्याचे दुःख त्याला जास्त होते. पुढे १९९० मध्ये कानेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना एक साधा कॉफीचा मग देण्यात आला. तो विकायला ते साधारण दुप्पट किंमत मागू लागले. ज्यांच्याकडे मग नव्हता, त्यांना तो तेवढ्या मोलाचा वाटत नव्हता. मग तोच होता. ‘तो माझा आहे’ एवढाच काय तो फरक.

हाती आलेल्या मगाबाबत काही मिनिटांत असे होत असेल, तर ४० वर्षे राहिलेल्या घराबाबत काय होईल? बाहेरच्याला दिसतो तो गळका स्लॅब. आतल्याला दिसते ती मुलाची उंची खडूने नोंदवलेली भिंत, देवघराचा कोनाडा, लग्नाच्या वेळी मांडव पडलेली गच्ची. पुनर्विकासाच्या बैठकीत ‘नवे घर मोठे मिळेल’ हा मुद्दा वारंवार मांडला जातो आणि तरीही मते वळत नाहीत. कारण बोलणारा लाभ सांगत असतो आणि ऐकणारा तोटा मोजत असतो.

दुसरे कारण आहे चालू स्थितीची ओढ. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहॉसर यांनी १९८८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विमा योजनांचा अभ्यास केला. नव्याने नोकरीला लागलेले कर्मचारी नव्या योजना निवडत होते. जुने कर्मचारी, तेच पर्याय समोर असताना, आपल्या जुन्या योजनेलाच चिकटून राहत होते. काहीही न करणे हासुद्धा एक निर्णय असतो. तो निर्णय वाटत नाही एवढेच. घर सोडून काही बिघडले तर दोष आपल्या माथी येतो. राहून बिघडले तर ‘नशीब’ म्हणता येते. घरातला कर्ता माणूस अनेकदा यामुळेच गप्प बसतो.

रोज दिसणाऱ्या धोक्याची भीती का वाटत नाही?

कारण तो रोज दिसतो. तडा पहिल्यांदा दिसतो त्या दिवशी झोप लागत नाही. महिन्याभराने त्यावर कॅलेंडर टांगले जाते. ‘मागच्या पावसातही असेच होते, काही झाले नाही’ हे वाक्य तर्कासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यात मोठी गफलत आहे. जुन्या इमारतीने काढलेला प्रत्येक पावसाळा हा तिच्या मजबुतीचा पुरावा नसतो. त्या पावसाळ्यात सळ्या आणखी गंजलेल्या असतात. सुखरूप गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक माणसाचा विश्वास वाढतो आणि इमारतीची ताकद घटते.

त्यातच शेजाऱ्याकडे पाहून ठरवण्याची सवय. तळमजल्यावरचे दुकान उघडे आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अजून तिथेच आहेत, मग आपणच का घाई करायची? प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे पाहत राहते आणि पाहता पाहता सगळी इमारत जागच्या जागी राहते.

अनिश्चितता एवढी जड का वाटते?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसत. दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे होते. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसे. झटका बसणारच हे नक्की ठाऊक असताना माणसांवर जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी निम्मी असताना आढळला. संकट येणार हे कळले की मन तयारीला लागते. येईल की नाही हेच कळत नसेल, तर मन नुसते कुढत राहते.

धोकादायक इमारतीतील कुटुंब नेमके याच अवस्थेत असते. घर सोडले तर परत मिळेल की नाही? भाडे वेळेवर येईल की नाही? विकासक टिकेल की पळेल? मुलाची शाळा बदलावी लागेल का? एकाही प्रश्नाचे नक्की उत्तर नसते. अशा वेळी ओळखीचा धोका बरा वाटतो, कारण त्याचे रूप तरी माहीत असते. बदल ही वाईटच गोष्ट आहे, असे यामागे सहसा कुणाचे मत नसते. समोरची पायरी दिसत नसेल तर पायाखालची पायरी सोडवत नाही, एवढेच.

मग हा केवळ मनाचा खेळ आहे का?

अजिबात नाही, आणि चर्चा बहुतेक वेळा इथेच चुकते. रहिवाशांना ‘हट्टी’ ठरवले की प्रश्न संपल्यासारखा वाटतो. पण त्यांच्या नकारामागे कित्येकदा रोकडा हिशेब असतो.

नौपाड्यात, जुन्या डोंबिवलीत किंवा कल्याण गावठाणात पागडीवर राहणाऱ्या भाडेकरूचा विचार केला तर हे स्पष्ट होते. त्याचे मासिक भाडे नाममात्र असते. ताबा हीच त्याची खरी मालमत्ता. घर रिकामे केले की मालक परत घेणार नाही, ही भीती काल्पनिक नाही. इमारत दुरुस्त न करता पडू द्यायची आणि भाडेकरू आपोआप जातील याची वाट पाहायची, असा संशय अनेक चाळींत आणि वाड्यांत असतो. कायदा इथे भाडेकरूच्या बाजूने आहे. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क त्यामुळे संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही अशा इमारतींबाबत कार्यपद्धती आखून दिली. पाडण्यापूर्वी कोणाच्या ताब्यात किती क्षेत्र आहे याची नोंद करण्याचा त्यात समावेश आहे. पण हा निकाल किती भाडेकरूंपर्यंत पोहोचतो? नोटीस घेऊन येणारा कर्मचारी तो समजावून सांगतो का?

अनधिकृत इमारतीतील कुटुंबाची अडचण आणखी बिकट. त्याने आयुष्यभराची पुंजी घातलेली असते, काहींनी बँकेचे कर्जही काढलेले असते. पण इमारत पडली की कागदावर त्याच्याकडे फारसे काही उरत नाही. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. त्या इमारती धोकादायक म्हणून नव्हे, तर बेकायदा म्हणून पाडायच्या होत्या. पण घर घेतलेल्यांसमोरचा प्रश्न तोच : जायचे कुठे?

तात्पुरत्या निवाऱ्याची स्थितीही उत्साहवर्धक नाही. ठाण्यात एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांचा वापर विस्थापितांसाठी केला जातो. त्यातील खोली साधारण १६० चौरस फुटांची. कल्याण-डोंबिवलीत संक्रमण शिबिरांची चणचण ही जुनीच तक्रार. तिथेच शहरी गरिबांसाठी बांधलेल्या बीएसयूपी योजनेतील कित्येक घरे वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिली. शिवाय ‘तात्पुरते’ हा शब्द इथे कुणी भोळेपणाने घेत नाही. रखडलेले पुनर्विकास प्रकल्प, थकलेले भाडे आणि अर्धवट उभे सांगाडे प्रत्येक प्रभागात पाहायला मिळतात.

समूह पुनर्विकास योजनेने यावर उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. ठाण्यातील किसननगरमध्ये ५ जून २०२३ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते या योजनेच्या कामाला सुरुवात झाली आणि ३२३ चौरस फुटांच्या घराचे आश्वासन दिले गेले. मात्र एवढ्या दाट वस्तीचा कायापालट टप्प्याटप्प्याने आणि अनेक वर्षांत होतो. आज तडा गेलेल्या घरातील माणसाला मात्र येत्या जूनची चिंता असते.

घर सोडण्याचे दुःख खरे असते का?

असते, आणि ते नाकारल्याने कमी होत नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट एंड ही जुनी वस्ती ‘गलिच्छ’ ठरवून पाडण्यात आली. तिथून हलवलेल्या कुटुंबांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ मार्क फ्राइड यांनी केला आणि १९६३ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये आणि बऱ्याच पुरुषांमध्ये, जवळचे माणूस गेल्यावर व्हावा तसा शोक त्यांना आढळला. काहींना मिळालेले नवे घर जुन्यापेक्षा चांगले होते. तरीही गेलेले होते ते घराभोवतीचे सारे जग.

डोंबिवली किंवा ठाण्यातील जुन्या वस्तीत राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सत्तरीतल्या माणसाचा दिवस ठरलेला असतो : सकाळी देऊळ, परतताना ओळखीचा भाजीवाला, दुपारी समोरच्या घरात वर्तमानपत्राची देवाणघेवाण, संध्याकाळी कट्टा. औषधाचे दुकान उधारी ठेवते, रात्री बरे वाटेनासे झाले तर शेजारचा मुलगा रिक्षा आणतो. स्टेशनपासून लांब कुठेतरी भाड्याने घेतलेल्या आठव्या मजल्यावरच्या सदनिकेत यातले काहीच नसते. तिथे दार बंद केले की शहरच संपते. म्हणून घरातील ज्येष्ठ ‘मी इथेच मरेन’ असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ ‘मला धोका कळत नाही’ असा नसतो. ‘तिकडे मी कशासाठी जगू?’ असा तो प्रश्न असतो. त्याला संरचनात्मक लेखापरीक्षणाचा अहवाल वाचून दाखवणे हे उत्तर होत नाही.

बदल आणि स्थित्यंतर यांत फरक काय?

अमेरिकी लेखक विल्यम ब्रिजेस यांनी १९८० मध्ये हा भेद लोकांपुढे मांडला. बदल बाहेर घडतो आणि एका दिवसात घडू शकतो. टेम्पोत सामान भरले, किल्ली दिली, झाले. स्थित्यंतर मनात घडते आणि त्याला वेळ लागतो. त्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले. आधी जुने संपते. मग एक मधला, धूसर काळ येतो, ज्यात जुने गेलेले असते आणि नवे अजून आपले झालेले नसते. त्यानंतर खरी सुरुवात होते.

पुनर्विकासातील कुटुंबांसाठी हा मधला काळ तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही मोठा असतो. सगळ्यात जास्त भांडणे, आजारपणे आणि पश्चात्ताप याच काळात होतात. ‘उगाच सोडले’ हे वाक्य याच काळातले. पण हा काळ म्हणजे निर्णय चुकल्याची खूण नव्हे. तो वाटेतला मुक्काम आहे, हे आधीच ठाऊक असेल तर तो सोसायला सोपा जातो.

कुटुंबाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे धोका आणि हक्क यांचे प्रश्न वेगळे करावेत. ‘हक्क मिटेपर्यंत घर सोडणार नाही’ ही भूमिका समजण्यासारखी आहे, पण इमारत हक्काचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. हक्क कागदाने राखता येतो. त्यासाठी स्लॅबखाली झोपून राहण्याची गरज नाही. भाडेपावत्या, वीजबिले, करारनामा, मालमत्ता कराच्या पावत्या, शिधापत्रिका यांच्या प्रती काढून एक संच नातेवाइकाकडे आणि एक मोबाइलमध्ये ठेवावा. घराची मोजमापे, छायाचित्रे आणि ताब्याबाबत महापालिकेच्या नोंदीची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

दुसरे म्हणजे निर्णय एकदाच आणि शांत दिवशी घ्यावा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे संशोधन सांगते, की नुसता ‘मी करीन’ असा संकल्प करण्यापेक्षा ‘असे झाले तर मी तसे करीन’ असे आधी ठरवलेले प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते. म्हणून घरात बसून ठरवावे : तडा रुंदावला, दरवाजा अडकू लागला, खांबातून आवाज आला किंवा प्लास्टरचा मोठा तुकडा पडला, तर त्याच रात्री कोणाकडे जायचे, कोणी आजीला धरायचे, कोणी कागदांची पिशवी घ्यायची. मध्यरात्री, पाऊस पडत असताना हे ठरवता येत नाही. कृष्ण निवास आणि जिलानी या दोन्ही इमारती पहाटे, माणसे झोपेत असताना पडल्या होत्या.

तिसरे, ज्येष्ठांचा दिवस वाचवावा. घर बदलले तरी दिनक्रमातील दोन-तीन गोष्टी बदलू नयेत. भाड्याचे घर शोधताना क्षेत्रफळापेक्षा जुना डॉक्टर, देऊळ आणि कट्टा यांच्या जवळ असणे पाहावे. शक्य असेल तर एकाच मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी एकाच गृहसंकुलात भाड्याने घरे घ्यावीत. निघण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून जुन्या घरात एकदा जेवावे, भिंतींचे फोटो काढावेत, देवांना हात जोडून निघावे. याला भाबडेपणा म्हणून हसू नये. संपलेल्या गोष्टीला निरोप दिला नाही तर मन तिथेच रेंगाळत राहते.

चौथे, रुळायला वेळ द्यावा. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. काहींना १८ दिवस पुरले, काहींच्या बाबतीत हा आकडा २५४ दिवसांपर्यंत गेला. नव्या घरात पहिल्या महिन्यात करमले नाही, म्हणजे कधीच करमणार नाही असे नाही. मात्र झोप उडणे, जेवण तुटणे, कुणाशी न बोलणे हे आठवडेच्या आठवडे टिकले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्येष्ठांमध्ये ही लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जातात.

सोसायटीने काय करावे?

नोटिशीची वाट न पाहता कोरड्या महिन्यांत काम सुरू करावे. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये लेखापरीक्षण, त्याचा अहवाल मराठीत आणि सोप्या शब्दांत प्रत्येक घरी, आणि मग सभा. वाद तिथेच मांडले जावेत. ज्याला शंका आहे त्याला ‘विरोधक’ ठरवले की तो कायमचा विरोधक होतो. अनेकदा त्याच्याच शंकेमुळे करारातील भोक सापडते.

सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने ४ जुलै २०१९ रोजी सुधारित कार्यपद्धती जाहीर केली. त्यात सभासदांची संमती, निविदा, सभेचे चित्रीकरण, विकासकाकडून बँक हमी अशा तरतुदी आहेत. त्या पाळायला वेळ लागतो, पण ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे लेखी उत्तर त्यातूनच तयार होते. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार प्रत्येक सभासदाच्या नावाने नोंदणीकृत असावा, भाड्याची रक्कम आणि तारीख त्यात असावी. सभासदाच्या घरात परस्पर भिंत तोडणे, फरशीवर फरशी चढवणे अशी कामे अभियंत्याच्या परवानगीशिवाय होऊ देऊ नयेत. कल्याण पूर्वेतील दुर्घटनेने हा धडा सहा जिवांच्या मोलाने दिला आहे.

महापालिकांनी काय करायला हवे?

सर्वात मोठी जबाबदारी इथे आहे. ‘घर रिकामे करा’ एवढेच सांगणारी नोटीस अर्धी असते. तिच्या उरलेल्या अर्ध्या भागात पत्ता हवा : तात्पुरती जागा कुठे, किती दिवसांसाठी, नेणार कोण. त्यासोबत प्रत्येक कुटुंबाला ताब्यातील क्षेत्राचा दाखला जागेवर मिळायला हवा, म्हणजे पागडीदाराचा हक्क त्याच्या हातात राहील. दोन अभियंत्यांचे अहवाल वेगळे आले तर तांत्रिक समितीचा निर्णय पावसाळ्यापूर्वी लागायला हवा. जूनमध्ये पोलीस बंदोबस्त घेऊन जाण्यापेक्षा जानेवारीत समाजसेवक, अभियंता आणि विधि अधिकारी अशा तिघांनी घरोघरी जाणे स्वस्तही आहे आणि माणुसकीला धरूनही. रिकामी पडलेली सरकारी घरे अतिधोकादायक इमारतींतील कुटुंबांसाठी राखून ठेवण्यासही कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही.

‘आम्ही नोटीस दिली होती’ हे वाक्य जबाबदारीतून मोकळे होण्यासाठी उच्चारले जाते. प्रश्न नोटीस दिली का, हा नाही. ती मिळाल्यावर त्या कुटुंबाला जाण्यासारखी जागा होती का, हा आहे.

यातून सगळ्यांनी काय घ्यावे?

बदल अवघड का वाटतो, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यात तोट्याची भीती आहे, सवय आहे, शोक आहे आणि व्यवस्थेवरचा रास्त अविश्वासही आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. भीतीला माहिती हवी, सवयीला वेळ हवा, शोकाला सोबत हवी आणि अविश्वासाला सही-शिक्क्याचा कागद हवा. अविश्वासावर समुपदेशनाचा उतारा चालत नाही आणि शोकावर कायद्याच्या कलमाचा.

हेच सूत्र धोकादायक इमारतीपुरते मर्यादित नाही. नोकरी बदलताना, मुले परदेशी गेल्यावर, निवृत्तीनंतर, लोकलचा रोजचा डबा सुटल्यावरही माणूस याच टप्प्यांतून जातो. फरक एवढाच, की तिथे उशीर झाला तर मनस्ताप होतो. इथे उशीर झाला तर परत सुरुवात करायला माणूसच उरत नाही. म्हणून ज्या इमारतीवर ‘अतिधोकादायक’ असा फलक लागला आहे, तिथल्या प्रत्येक घराने आज रात्री निदान एक प्रश्न सोडवून झोपावे : निघायची वेळ आली, तर पहिल्या रात्री कुठे? तेवढी एक पायरी दिसली, की पुढच्या पायऱ्या शोधायला वेळ मिळतो.